ठाणे मार्केटमधलं बियाण्याचं दुकान: पार्किंग शून्य, पण विचाराल ते सांगतात

पहिलंच सांगून टाकते, पार्किंग नाही. टू-व्हीलर लावायलाही जागा मिळत नाही, आणि लावलीच तर परत येईपर्यंत तिच्या सीटवर कुणीतरी कोथिंबिरीच्या जुड्या मांडलेल्या असतात. स्टेशनवरून चालत या नाहीतर रिक्षाने जांभळी नाक्याला उतरा, मार्केटात शिरा आणि कुठल्याही भाजीवालीला "बियाण्याचं दुकान कुठंय" विचारा, हात दाखवून सांगेल. नाव मुद्दाम लिहीत नाहीये. दुकान चालवणाऱ्या काकांनीच बजावलंय, "ताई, ते फोटो-बिटो टाकू नका, जूनमध्ये आधीच शेतकऱ्यांची रांग असते, त्यात तुम्ही बाल्कनीवाले आलात की एकेकाला अर्धा तास जातो." बोलणं तिरकं आहे पण खरं आहे, आम्ही बाल्कनीवाले दहा रुपयांची मेथी घेतो आणि पन्नास प्रश्न विचारतो.

तर हे दुकान म्हणजे नर्सरी नाही, हे आधी डोक्यात घ्या. इथे झाड मिळत नाही, कुंडी मिळत नाही, बुद्धाची मूर्ती आणि पांढरे गोटे तर अजिबात नाही. हे शेतकऱ्यांचं दुकान आहे. बी-बियाणं, खतं, औषधं, पंपाचे नोझल, सुतळी. भिंतीवर परवाना फ्रेम करून लावलेला, त्याच्या शेजारी कुठल्या तरी बियाणे कंपनीचं कॅलेंडर, काउंटरवर छोटा काटा आणि मागे बरण्या. औषधांचा वास येतो, दम्याचा त्रास असेल तर बाहेरच उभं राहून सांगा, ते आणून देतात. भिवंडी-शहापूरकडचे भातवाले येतात, येऊरकडचे येतात, रेल्वेच्या जागेत पालक-माठ लावणारे भय्या लोकं येतात, आणि मधेच आमच्यासारखे कापडी पिशवी घेऊन.

घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांबद्दल माझं काही वाईट मत नाही हां, जास्वंद-मोगरा मी तिकडूनच आणते. पण भाजीचं तसं नसतं. भाजी सीझनवर चालते, आणि मे महिन्यात तुम्ही नर्सरीत जाऊन टोमॅटोचं रोप मागितलं तर कुणी "नको घेऊ" म्हणत नाही, पिशवीत घालून देतात. इथे काका म्हणतात. मी स्वतः ऐकलंय, एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं होतं एप्रिलमध्ये, टोमॅटोचं बी द्या म्हणून, तर काकांनी सरळ सांगितलं की आत्ता लावाल तर झाड होईल, फुलंही येतील, पण फळ धरणार नाही, दिवसा पस्तीसच्या वर आणि रात्रीसुद्धा गरमच, फूल गळून जातं, गणपती झाले की या. मग त्यांना लाल माठ आणि गवार दिली. दोन पुड्या, वीस-तीस रुपयांचा धंदा. टोमॅटोचं पॅकेट विकलं असतं तर कितीतरी जास्त मिळाले असते. माझ्यासाठी रिव्ह्यू इथेच संपला होता खरं तर, पण अजून सांगायचंय.

पॅकेटची मागची बाजू वाचायची हे मी इथे शिकले. पुढच्या बाजूला लालबुंद फोटो असतो तो काही कामाचा नाही. मागे वाणाचं नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, वैधता आणि किमान उगवण किती टक्के ते छापलेलं असतं. आता हे उगवणीचं बघा. टोमॅटोला किमान ७० टक्के, भेंडीला ६५, मिरचीला ६०, असे सरकारी निकष आहेत. म्हणजे मिरचीच्या शंभर बिया पेरल्या आणि साठ उगवल्या तर ते बी पास आहे, कंपनीने फसवलं, माझ्या हाताला गुण नाही, मातीत काहीतरी आहे असलं काही बोलायचं नाही. हे कळल्यापासून मी एका खड्ड्यात दोन बिया टाकते आणि शांत झोपते. चाचणीची तारीख पण बघायची, साधारण नऊ महिन्यांची वैधता असते, आणि काका स्वतःच जुना लॉट असेल तर सांगतात की हा संपत आलाय, आठवड्यात लावणार असाल तर न्या. बियांना गुलाबी, निळा, हिरवा रंग असतो ना, तो शोभेचा नाही, बुरशीनाशक लावलेलं असतं. पेरून झाल्यावर हात साबणाने धुवायचे आणि उरलेलं बी चिमण्यांना टाकायचं नाही. आमच्या शेजारच्या वहिनी टाकत होत्या, पुण्य म्हणून.

एका ऑनलाइन कंपनीचं "पंचेचाळीस भाज्यांचं किट" मला भाचीने वाढदिवसाला दिलं होतं, ते मी घेऊन गेले काकांना दाखवायला. छोट्या छोट्या झिपलॉक पिशव्या, वर नुसतं इंग्लिशमध्ये टोमॅटो, ब्रिंजल, ब्रोकोली. वाण नाही, तारीख नाही, लॉट नाही. काकांनी एक पिशवी उजेडात धरली, परत ठेवली आणि म्हणाले, "हे बी कुठलं, कधीचं, कोण सांगणार? आणि ठाण्यात ब्रोकोली कुठल्या महिन्यात लावणार आहात ते आधी ठरवा." भाचीला सांगितलं नाही, वाईट वाटेल. पिशव्या छान होत्या, बियाच ठेवते त्यात.

वाणाची नावं हा एक वेगळाच नाद आहे आणि तो मला या दुकानाने लावला. आधी माझ्यासाठी भेंडी म्हणजे भेंडी. आता मी "परभणी क्रांती आहे का" विचारते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं वाण आहे, जुनं आहे, आणि ते काढलंच अशासाठी की भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून सगळं झाड जाळीदार पिवळं होतं ना, तो यलो व्हेन मोझॅक नावाचा व्हायरस, त्याला हे वाण बऱ्यापैकी टिकतं. तो व्हायरस पांढऱ्या माशीतून पसरतो, म्हणजे एकदा झाड पिवळं पडलं की त्यावर काहीही फवारा, उपयोग नाही, उपटायचं आणि बाकीच्यांवरची माशी आवरायची. पिवळे चिकट कागद मिळतात त्यासाठी, इथेच मिळतात, स्वस्त असतात. तसंच कारल्यात कोकण तारा आणि दोडक्यात कोकण हरिता, ही दोन्ही दापोलीची, म्हणजे १९७२ साली झालेलं आपलं कोकण कृषी विद्यापीठ. आपल्यासारख्या दमट, धो-धो पावसाच्या पट्ट्यासाठी निवडलेली वाणं आहेत ही, नाशिकच्या हवेतली नाहीत. दापोलीचं बी दुकानात नेहमी असतं असं नाही, आलं की काका फोन करतात, नंबर त्यांच्या वहीत लिहून ठेवायचा.

आता औषधांबद्दल, कारण इथे बऱ्याच जणांना धक्का बसेल. दुकानात विषारी औषधं आहेत, भरपूर आहेत, शेतीचं दुकान आहे ते. बाटलीवर एक चौकोन असतो तिरका, त्यात खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. काका बाल्कनीवाल्याला लाल आणि पिवळा काढूनच दाखवत नाहीत, कितीही मागा. "घरात लहान कोण आहे? वाळत घातलेले कपडे कुठे असतात?" हे दोन प्रश्न विचारतात आणि निंबोळी अर्काची बाटली पुढे करतात. त्यावरपण आकडा बघायचा असतो, अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतलं किडीवर काम करणारं द्रव्य, किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग). १५०० वाली असेल तर लिटरला पाच मिली, १०००० वाली असेल तर दोन-तीन मिली पुरतात. आणि फवारायचं ऊन उतरल्यावर, उन्हात ते लवकर मोडतं. मावा दुसऱ्या दिवशी मरून पडेल अशी अपेक्षा ठेवायची नाही, किडीचं खाणं आणि वाढणं बंद होतं, म्हणजे चार-पाच दिवस दम धरायचा. हे कुणी सांगत नाही म्हणून लोक म्हणतात निंबोळीने काही होत नाही.

फळमाशीचा किस्सा तर सांगायलाच हवा. टेरेसवर माझी कारली छान लटकायची आणि बोटाएवढी झाली की एका बाजूने पिवळी पडून वाकडी व्हायची, कापलं की आत अळ्या. सापळा लावा म्हणून सगळेच सांगतात. मला दुसऱ्या एका दुकानातून सापळा मिळाला, लावला, त्यात माशा पडायच्यासुद्धा, पण कारली तशीच सडत होती. इथे आले तर काकांनी पहिला प्रश्न विचारला, "आंब्याचा लावलात का वेलीचा?" मला काय माहीत, सापळा तो सापळा. तर आंब्यावरची फळमाशी वेगळी आणि वेलभाज्यांवरची वेगळी. आंबेवालीला मिथाइल युजेनॉलचा वास लागतो, कारली-दोडका-काकडीवालीला क्यू ल्यूर लागतं. डबा तोच असतो, आतली वडी वेगळी. म्हणजे इतके दिवस मी आमच्या सोसायटीमागच्या आंब्याची सेवा करत होते! वडी बदलून घेतली, फरक पडला. पण काकांनी लगेच हेही सांगितलं की सापळ्यात फक्त नर येतात, डंख मारणारी मादी बाहेरच असते, त्यामुळे नुसत्या सापळ्यावर विसंबायचं नाही. छोटं कारलं दिसलं की त्याला कागदाची पिशवी बांधायची आणि डंख बसलेलं कारलं खाली पडू द्यायचं नाही, कारण अळी त्यातून निघून मातीत कोष करते आणि पुढची पिढी तुमच्याच कुंडीतून वर येते. मी डंखवालं कारलं काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवते दोन दिवस, मगच ओल्या कचऱ्यात.

सोसायटीच्या टेरेसवर कसं काय, असं विचारणारे असतील तर थोडक्यात, लेखी परवानगी घेतली, बॅगा कॉलमच्या आणि बीमच्या वर कडेने ठेवल्या, खाली विटा लावून उचलल्या म्हणजे पाणी वाहून जातं आणि वॉटरप्रूफिंगवर ओल बसत नाही. सेक्रेटरींना सुरुवातीला राग होता, त्यांच्याकडे आता दर आठवड्याला भेंडी जाते.

दुकानात उभं राहून जे ऐकायला मिळतं ते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. काकांशी बोलायला वेळ नसेल तर नुसते उभे राहा. मी दोडक्याचं रडगाणं घेऊन गेले होते, वेल गच्च, फुलं ढीगभर, दोडका एक नाही. काका कुणाला तरी युरियाचं बिल करून देत होते. बाजूला उभे असलेले भिवंडीकडचे एक मामा, डोक्याला टॉवेल, त्यांनी मला विचारलं, "फूल किती वाजता बघता बाई?" म्हटलं सकाळी पाणी घालते तेव्हा. ते हसायला लागले. "दोडका संध्याकाळी फुलतो. सकाळी घोसाळं फुलतं."

मला खरंच वाटलं चेष्टा करतायत. दिसायला भाऊ-भाऊ असलेल्या दोन वेली, पण एकीचं फूल पहाटे उघडतं आणि दुसरीचं दिवेलागणीला. दुधीसुद्धा संध्याकाळचाच, पांढरं फूल अंधारात पतंगांना दिसावं म्हणून. काकडी, कारलं, भोपळा सकाळी. आणि आमच्या सात मजली बिल्डिंगच्या गच्चीवर संध्याकाळी येतोय कोण, डास सोडून. तर तेव्हापासून मी सहा-साडेसहाला मोबाईलचा टॉर्च घेऊन वर जाते. दोडक्याची नर फुलं घोसाने येतात, एका दांड्यावर खूप कळ्या, रोज एखाद-दुसरी उघडते. मादी फूल एकटं असतं आणि त्याच्या मागे देठाच्या जागी चक्क बोटाच्या पेराएवढा दोडका असतो, शिरांसकट. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, मधला पिवळा गोंडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा, बस. पिवळी पूड चिकटलेली दिसते. जमलं असेल तर तीन-चार दिवसांत मागचा दोडका सरळ लांब होतो, नसेल तर पिवळा पडून गळतो. सुरुवातीचे आठ-दहा दिवस नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरून खत ओतायचं नाही, हे पण मामांनीच सांगितलं, फुकट, आणि आपली पोती रिक्षात टाकून निघून गेले. त्यांचं नावपण विचारलं नाही मी.

माझं वय एकोणसाठ. बँकेत आयुष्य गेलं, सगळी परीक्षा-बिरीक्षा देऊन झाली, आता कोण काय शिकवणार असं वाटायचं. या दुकानात मी सगळ्यात कच्ची विद्यार्थिनी आहे आणि वयाने सगळ्यात मोठी पण नाही! एक मास्तर येतात, नौपाड्यात राहतात, ऐंशीच्या पुढचे असावेत, हातात वही. त्या वहीत त्यांनी रकाने आखलेत, वाण, पेरणी, पहिलं फूल, पहिली तोडणी, पाऊस कसा होता, आणि शेवटी "शेरा". मला एक पान वाचायला दिलं होतं. गवारीसमोर शेरा लिहिला होता, "जागा चुकली, पिंपळाची सावली दुपारी दोननंतर." गवारीचं प्रगतिपुस्तकच ते. मूळचे कोल्हापूरकडचे, त्यामुळे श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराबद्दल फार अभिमानाने बोलतात. त्यांचं म्हणणं असं की तिथे शेतकऱ्यानेच आपल्या तुकड्यावर प्रयोग करायचा, नोंद ठेवायची आणि दुसऱ्या शेतकऱ्याला सांगायचं, विद्यापीठातून कुणी येऊन शिकवेल म्हणून बसून राहायचं नाही. मास्तर तेच चार फुटी बाल्कनीत करतायत.

गेल्या पावसाळ्यात मास्तर कंटोळीचं बी मागायला आले होते. काका म्हणाले बी उगवायलाच त्रास, आणि उगवलं तरी वेल नर निघाला की मादी हे फूल आल्याशिवाय कळत नाही, नुसता नर निघाला तर वर्षभर पानं बघत बसाल. त्यापेक्षा मादी वेलाचा कंद मिळवा आणि सोबत एखादा नर. मास्तर म्हणाले, किती माद्यांना किती नर? काकांनी पेन खाली ठेवलं. "ते मला माहीत नाही. शहापूरचा एक जण येतो, त्याला विचारून ठेवतो, पुढच्या शनिवारी या." चाळीस वर्षं धंद्यात असलेला माणूस गिऱ्हाईकासमोर माहीत नाही म्हणतो आणि विचारून ठेवतो, हे मला तरी बाकी कुठल्या दुकानात दिसलेलं नाही, मोबाईलच्या शोरूममध्ये तर नाहीच नाही. शनिवारी मी मुद्दाम गेले. दहा-बारा मादी वेलांना एक नर पुरतो असं उत्तर आलं होतं. मास्तरांनी लगेच वहीत लिहिलं आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलं, म्हणजे स्वतः बघितल्याशिवाय मानणार नाहीत.

बी धरण्याचं पण सांगते कारण मला यात सगळ्यात जास्त मजा येते. काका पुडी देतानाच सांगतात याचं बी धरा किंवा धरू नका. पॅकेटवर एफ-वन लिहिलं असेल ते हायब्रिड, त्याची भाजी खा, बी धरू नका, पुढच्या वर्षी दहा झाडं दहा तऱ्हेची निघतील. गावठी किंवा सुधारित वाण असेल तर बिनधास्त धरा. टोमॅटो, वाल, चवळी हे बहुतेक आपलं आपण फळतात, त्यामुळे शेजारच्या झाडाची भेसळ फार होत नाही, पण काकडी, दुधी, भोपळ्याचं तसं नाही, एकाच जातीची दोन वाणं जवळ असली की मिसळतात. भेंडीचं बी धरायचं तर चांगल्या झाडावरच्या दोन-तीन भेंड्या खायच्या मोहातून सोडायच्या, झाडावरच वाळून तडकेपर्यंत. आमच्याकडे त्यावरून वाद होतात, ह्यांना वाटतं भाजी वाया चालली. राहीबाई पोपेरेंना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती कशाबद्दल, अकोले तालुक्यात कोंभाळण्याला बसून गावठी वाण जपली म्हणूनच ना, हे मी ह्यांना ऐकवते तेव्हा जरा गप्प बसतात.

ठेवताना काळजी म्हणजे आपल्या ठाण्याची हवा. जून ते सप्टेंबर सगळं ओलसर, पापड सादळतात तसं बी पण सादळतं आणि मग उगवत नाही. काचेची घट्ट झाकणाची बाटली, आत औषधाच्या डब्यांतून निघणाऱ्या सिलिकाच्या पुड्या, आणि कपाटात अंधारात. कांद्याचं बी वर्षभरच धड राहतं, दोडका-दुधीचं काही वर्षं जातं, त्यामुळे कांद्याचं उगाच साठवू नका.

आता तक्रारी, नाहीतर वाटेल काका माझे नातेवाईक आहेत.

हायब्रिडची पॅकेटं शेतकऱ्यांच्या मापाची असतात. टोमॅटोचं दहा ग्रॅमचं पॅकेट म्हणजे जवळजवळ तीन हजार बिया, मी काय सोसायटीला सूप पाजू? आणि सीलबंद पॅकेट ते फोडून देत नाहीत, कितीही गोड बोला. बरोबरच आहे त्यांचं, पण आपली अडचण होते. आम्ही चार-पाच जणी मिळून एक पॅकेट घेतो. सुटं मिळतं ते गावठी, मेथी, माठ, धने, चवळी, वाल, भेंडी, काकडी असलं, दहा-वीस-तीस रुपयांची पुडी. धन्यांबद्दल काका स्वतःच म्हणतात घरातले घ्या, पोळपाटावर लाटण्याने हलके दाबून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि पेरा, माझ्याकडून कशाला विकत घेता.

कोकोपीट, ग्रो बॅग इथे मिळत नाही, ते दुसरीकडून आणा. बॅग घेताना बारा बाय बारा म्हणजे साधारण वीस-एकवीस लिटर माती हे लक्षात ठेवा, भेंडी-वांग्याला ती ठीक, दोडक्या-दुधीला त्याच्या दुप्पट लागते. शेणखत मात्र इथलं घेऊ नका. मी घेतलेल्या गोणीत खडे निघाले, बदलून दिली ती पण तशीच. काकांना सांगितलं तर म्हणाले मागून येतं तसं देतो. हे काही बरोबर नाही, बियाण्यात इतके चोख आणि खतात "मागून येतं". गांडूळ खत आणि निंबोळी पेंड चांगली असते, ट्रायकोडर्मा पावडर पण, फक्त तिच्यावरची तारीख बघून घ्या, ती जिवंत बुरशी असते, जुनी झाली की नुसती पावडर उरते.

दुपारी काकांचा मुलगा बसतो. सभ्य आहे, पण तो वस्तू देतो, उत्तरं देत नाही. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो म्हणून मी विचारलं तर त्याने लगेच कॅल्शियमची बाटली काढली. संध्याकाळी काकांना फोन केला तर म्हणाले कुंडीत पाणी कसं देता, एक दिवस तुडुंब आणि दोन दिवस कोरडं असं होतंय का, मातीत कॅल्शियम असतं पण पाणी एकसारखं नसेल तर ते फळापर्यंत पोचत नाही, आधी पाणी सुधारा, पंधरा दिवस बघा, मग बाटली. बाटली परत घेतली, पैसे परत दिले. मुलाला बहुतेक ओरडा बसला असावा.

जायची वेळ म्हणजे सकाळी दहा ते साडेअकरा, तेव्हा काका असतात आणि गर्दी कमी. जूनचे पहिले दोन-तीन आठवडे जाऊच नका, भातवाल्यांची लगबग असते आणि त्यांचं काम आपल्यापेक्षा महत्त्वाचं आहे, पावसाळ्याचं बी मे महिन्यातच आणून ठेवा. थंडीचं, म्हणजे मेथी, पालक, मुळा, टोमॅटो, वांगी, हे सप्टेंबरच्या शेवटी. कार्ड चालत नाही, जीपे चालतं. बिल मागून घ्या आणि बियांचं रिकामं पॅकेट उगवण होईपर्यंत फेकू नका, काही गडबड झाली तर लॉट नंबर लागतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा शेणखताचा कापला.

आणि हो, तोंडलीचं बी मागायला जाऊ नका, मिळत नाही, तोंडली छाटापासून लावतात, तीही मादी वेलाची. माझ्याकडे टेरेसवर भरपूर पसरलाय, चांगला फळतो. वर्तकनगर साइडचं कुणी असेल तर पेन्सिलएवढ्या जाडीच्या काड्या कापून देते, येताना रिकामी पिशवी आणि गावठी वालाचं मूठभर बी असेल तर घेऊन या.